चाड्यावरची मूठ

रोहिणीचे ऊन उतरणीला लागले की जवळा बाजारात माणसांचे बोलणेच बदलते. चहाच्या हॉटेलात, कृषी सेवा केंद्रासमोर, एस.टी.च्या थांब्यावर एकच विषय. "तुमच्याकडं किती पडला?" "वल कुठवर गेली?" "बॅगा आणल्या का घरचंच बी?" औंढा नागनाथ तालुक्यातले हे आमचे गाव. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला, त्याआधी आम्ही परभणी जिल्ह्यात होतो. जिल्हा बदलला, पण मृगाची वाट पाहणे काही बदलले नाही. सात-आठ जूनला मृग लागतो आणि गाव आभाळाकडे मान करून उभे राहते.

या दिवसांत पेपरात पेरणीच्या बातम्या पुष्कळ येतात. जिल्ह्यात किती टक्के पेरणी झाली, सोयाबीन किती हेक्टर, तूर किती, खताचा साठा किती. हे सारे छापून यायलाच हवे. परंतु प्रत्यक्ष पेरतो कोण, हे मात्र कुठे छापून येत नाही. माझे वाणिज्य शाखेचे शिक्षण आणि कारकुनाची नोकरी. जमेला काय आणि नावे काय, हे पाहण्याची डोळ्यांना सवय लागलेली. म्हणून यंदा पेरणीला रजा काढून माहेरी गेले तेव्हा मनाशी ठरवले, की आपल्या घरच्या चार एकरांचा हिशेब एकदा वाचक भगिनी-बंधूंसमोर मांडावा. हा हिशेब रुपयांचा कमी आणि हातांचा जास्त आहे.

पेरणी जूनमध्ये होते, पण तिचे काम उन्हाळ्यातच सुरू होते. नांगरट झाली, वखराच्या पाळ्या झाल्या की रानात धसकटे आणि पऱ्हाट्या उरतात. त्या वेचायच्या कुणी? बायांनी. शेणखताच्या पाट्या डोक्यावर वाहून रानभर विसकटायच्या कुणी? बायांनी. ट्रॅक्टरवाल्याला पैसे द्यावे लागतात म्हणून नांगरटीची नोंद भावाच्या डायरीत असते. धसकटे वेचल्याची नोंद कुणाच्याच डायरीत नसते.

मग येते बियाणे. सोयाबीन हे मोठे नाजूक बी आहे. त्याचे साल पातळ. पोते आपटले की दाणा आतल्या आत दुखावतो आणि वरून मात्र धडधाकट दिसतो. म्हणून आमची माय घरच्या बियाण्याच्या पोत्यांची उंच थप्पी लावू देत नाही, की त्यावर कुणाला बसू देत नाही. मे महिन्यात ती आणि वहिनी सुपात पाखडून फुटका, डागी दाणा बाजूला काढतात. मग उगवणीची परीक्षा. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचे. आठवडाभराने उघडून मोड आलेले दाणे मोजायचे. सत्तरच्या वर निघाले तर बी चांगले. त्याखाली गेले तर बियाणे वाढवायचे, फारच कमी असले तर बदलायचे. कृषी विद्यापीठही हीच रीत सांगते. माय शाळेत गेली नाही, पण शंभरातले किती उगवले हे तिला तोंडपाठ असते. टक्केवारी म्हणजे दुसरे काय?

परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. तिथले शास्त्रज्ञ दरवर्षी सांगतात, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. हा सल्ला ऐकायला सोपा आणि पाळायला फार अवघड. २०२५ मध्ये मान्सून २४ मे रोजीच केरळात आला आणि २६ मेला मुंबईत पोचला. इतक्या लवकर आलेला पाऊस पाहून कुणाचे हात शिवशिवणार नाहीत? शेजारच्या रानात तिफण उभी राहिली की आपल्याही पोटात कालवते. आमच्या मायची परीक्षा मात्र ठरलेली. ती रानात जाते, खुरप्याने हातभर उकरते, आतली माती मुठीत घेऊन तिचा लाडू वळते आणि खाली सोडते. लाडू फुटून मोकळा झाला तर वापसा आला. चिकटून राहिला तर थांबायचे. आणि लाडू वळलाच नाही तर पाऊस वरच्यावरच गेला. भाऊ घाई करू लागला की म्हणते, "वरून भिजलंय, आतून कोरडं हाय. जमीन फसवीत नाई, आपलं मन फसवतं."

दुबार पेरणी म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांनी जरा समजून घ्यावे. पेरले, दोन बोटे अंकुर आले आणि पावसाने ओढ दिली, की तो अंकुर उन्हात करपतो. बी गेले, खत गेले, मजुरी गेली. मोडून पुन्हा पेरायचे तर बी आणायला पैसे कुठून आणायचे? डी.ए.पी.ची एकच बॅग साडेतेराशे रुपयांना येते. घरात तेव्हा लेकरांच्या वह्या-पुस्तकांचाही खर्च असतो. मग मंगळसूत्रातले दोन मणी असोत की शेळी असो, पहिली विक्री बाईच्या मालकीच्या वस्तूची होते. म्हणून थांबायचे केव्हा आणि पेरायचे केव्हा, हा निर्णय घरातल्या बाईच्या गळ्याशी येणारा आहे.

आता बहुतेक शिवारांत ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र चालते. आमचेही दोन एकर ट्रॅक्टरवर होतात. उरलेले दोन एकर नाल्याच्या कडेचे, तिरपे आणि अरुंद. तिथे ट्रॅक्टर नीट वळत नाही, म्हणून भाड्याची बैलजोडी आणि जुनी तिफण. तिफणीला तीन फण, तीन नळे आणि वर लाकडी चाडे. बैल हाकतो भाऊ, चाड्यावर मूठ वहिनीची. ओटीत बी घ्यायचे आणि चालता चालता मुठीतून दाणे असे सोडायचे, की तिन्ही नळ्यांत सारखे जावेत. मूठ सैल पडली की बी दाट होते, आवळली की तासात नांगे पडतात. मागून माय मोघण धरते आणि तुरीचे तास सोडते. सोयाबीनची चार तासे आणि तुरीची दोन, असे आमचे गणित. सोयाबीन गेले तर तूर हाताशी राहते.

बांधावर बसून मी कागदावर मांडणी केली. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. दोन तासांत अंतर दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर. तेव्हा एका एकरातली सारी तासे एकापुढे एक जोडली तर लांबी होते नऊ हजार मीटर. तिफण एका खेपेला तीन तासे काढते. म्हणजे एकरामागे तीन किलोमीटर चाल, तीही भुसभुशीत ओल्या मातीतून, नजर चाड्यावर ठेवून. वळणे वेगळी. आणि दाणे? शंभर दाण्यांचे वजन साधारण बारा ग्रॅम धरले तर एकराला लागणाऱ्या तीस किलो बियाण्यात अडीच लाख दाणे होतात. एका एकरात अडीच लाख दाणे वहिनीच्या मुठीतून मोजून-मापून मातीत जातात. त्यातले सत्तर टक्के उगवले तर पावणेदोन लाख रोपे उभी राहतात. इतक्या नाजूक हिशेबाचे काम एखाद्या कचेरीत असते, तर त्याला हुद्दा असता, पगार असता आणि खुर्चीमागे नावाची पाटी असती.

पहाटे चारला उठून भाकरी थापणे, पाणी भरणे, लेकरांचे आवरणे आणि न्याहारी डोक्यावर घेऊन रानात येणे, हे मी या हिशेबात धरलेच नाही. पेरणीनंतरचे नांगे भरणे, पाखरे राखणे, खुरपणी, तेही धरले नाही. परक्याच्या रानात हेच काम केले तर बाईला गड्यापेक्षा कमी रोज मिळतो. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, पण तो आमच्या बांधापर्यंत अजून चालत आलेला नाही.

बौद्ध म्हणून आपल्याला पेरणीची एक वेगळी परंपरा आहे, तिची आठवण इथे करावीशी वाटते. परमपूज्य बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात शाक्यांच्या वप्रमंगल उत्सवाचे वर्णन आहे. पेरणीच्या त्या दिवशी प्रत्येक शाक्याने स्वतःच्या हाताने नांगर धरायचा असा रिवाज होता आणि सिद्धार्थ तो पाळत असे. विद्या असूनही त्याला अंगमेहनतीची लाज नव्हती. सुत्तनिपातातली कसिभारद्वाजाची कथाही पेरणीच्याच दिवसांतली आहे. शेत नांगरणारा ब्राह्मण भगवंतांना विचारतो, मी नांगरून-पेरून खातो, तुम्ही काय करता? भगवंत त्याला सांगतात, की मीही नांगरतो आणि पेरतो, फक्त माझे शेत वेगळे आहे. कष्टाला कमी लेखणारी शिकवण आपल्या धम्मात नाही. मग कष्ट करणारीचे नाव मागे का?

आपल्या माणसांना जमीन सहज मिळालेली नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. तेव्हा आपल्या वाट्याला गावकी होती, सालगडीपण होते. नंतर कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५३ साली मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. ६ डिसेंबर १९६४ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. त्या लढ्यांत आपल्या माता-भगिनी लेकरे काखेत घेऊन तुरुंगात गेल्या. आमचे आजोबा सालगडी होते. पैसा-पैसा साठवून त्यांनी तीन एकर घेतले, वडिलांनी त्यात एक एकराची भर घातली. लढ्याने आणि घामाने मिळालेली अशी जमीन घरोघर आहे. पण ती ज्या कागदावर उतरली त्या कागदावर आजीचे नाव नव्हते.

वडील गेले ते ऐन मृगात. रान तयार, बी तयार आणि घरात दुःख. आठव्या दिवशी वापसा आला. चार लोक म्हणाले, यंदा पेरणीची पहिली मूठ दुसऱ्या कुणा सवाष्ण बाईच्या हातची असू द्या, विधवेचा हात नको. आपल्या वस्तीतही असे बोलणारे निघाले, याचे वाईट वाटते. मायने कुणाला उत्तर दिले नाही. तिने बांधावर उभे राहून त्रिशरण-पंचशील म्हटले, ओटीत बी घेतले आणि पहिली मूठ स्वतः चाड्यावर धरली. नारळ नाही, लिंबू नाही, उतारा नाही. महात्मा फुल्यांनी आणि बाबासाहेबांनी ज्यासाठी जन्म वेचला, ते त्या सकाळी आमच्या रानात घडले. मातीला विधवा-सवाष्ण कळत नाही. तिला ओल कळते आणि बी कळते.

मातीने विचारले नाही ते कागदाने विचारले. खाते वडिलांच्या नावावर होते, त्यामुळे वारसाची नोंद होईपर्यंत त्या हंगामात पीककर्ज मिळाले नाही. बी-खत उधारीवर आणावे लागले. फेरफार मंजूर झाला तेव्हा सातबारावर चार नावे लागली. माय, भाऊ, मी आणि धाकटी बहीण. लगेच भावकीतल्या एका वडीलधाऱ्याने सुचवले, "पोरींनो, हक्कसोड करून द्या. माहेर टिकतं." धाकटी माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटले, "काका, सहीवर टिकत असेल तर ते माहेर कसलं?" भावाशी आमचे भांडण नाही. उत्पन्न त्याच्याच घरात राहते, आम्ही दोघी वर्षाला पायलीभर डाळ नेतो आणि तृप्त असतो. पण नाव राहू दिले. कारण ते नाव आम्हाला कुणी भाकरीसारखे वाढलेले नाही. स्त्रियांच्या हक्कांसाठी हिंदू कोड बिल आणणाऱ्या बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यामागे या बिलाची झालेली अडवणूक हे एक मोठे कारण होते. पुढे १९५६ साली वारसा कायदा झाला. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली दुरुस्ती करून वडिलार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे, हे आपल्या पुष्कळ भगिनींना माहीत नसते.

मुलींचे असे झाले. पण मग सून? आमच्या सातबारावर नाव आहे माझे, जी वर्षातून चार दिवस रानात येते. नाव आहे बहिणीचे, जी दिवाळीला येते. आणि जिच्या मुठीतून लाखो दाणे जातात त्या वहिनीचे नावच नाही. हा जमाखर्च कुठल्याही कारकुनाच्या नजरेत खुपणारा आहे.

यंदा पेरणीच्या आदल्या रात्री मी हा विषय काढला. शासनाची लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने आधी गावोगाव चळवळ केली, मग शासनाने निर्णय काढला. पतीने स्वखुशीने तहसीलदारांकडे अर्ज दिला तर त्याच्या हिश्शात पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबारावर लागते. त्यासाठी खरेदीखत करावे लागत नाही. भाऊ वाईट माणूस नाही. तो हसून म्हणाला, "ताई, घर एकच हाय. कागदावर नाव लावलं म्हणून काय पीक जास्त येनार हाय का?"

वहिनी भांडी घासत होती. तिचा हात थांबला, पण ती काही बोलली नाही. बोलली ती माय. "पीक जास्त येनार नाई, बाबा. पन उद्या तुझ्यामागं तिला कुनी 'ऊठ इथून' म्हननार नाई. मी त्या वर्साला बांधावर उभी व्हते तवा माझ्या काळजात काय चाललं व्हतं, ते मलाच ठावं."

भाऊ बराच वेळ गप्प होता. सकाळी तिफण जुंपताना त्याने विचारले, "अर्जाला काय काय कागद लागतेत?"

अर्ज दिला आहे. फेरफाराची नोटीस लागली असून हरकतीची पंधरा दिवसांची मुदत चालू आहे. वहिनीला विचारले, "कसं वाटतं?" तर म्हणाली, "लागू तर द्या आधी." तिचे बरोबर आहे. सरकारी कागदावर शाई उमटेपर्यंत आनंद करू नये, हे आम्ही कारकून मंडळीही जाणतो.

एका घरात एक नाव लागले म्हणून जग बदलत नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये स्त्रिया शंभरात चौदाच्या आसपास निघाल्या. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष महिला शेतकऱ्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. असे वर्ष पाळताना भाषणे होतात. पण पीककर्ज, पीकविमा, शेतकरी ओळख क्रमांक, वर्षाचे सहा हजार रुपये देणारी २०१९ पासूनची किसान सन्मान योजना, या साऱ्यांची पहिली पायरी सातबारावरचे नाव हीच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके पाण्याखाली गेली, तेव्हा भरपाईच्या यादीतही खातेदारांचीच नावे होती. नाव नसेल तर कष्ट करणारी बाई शेतकरी ठरत नाही, शेतकऱ्याची बायको ठरते.

म्हणून एक साधी सूचना करते. पेरणी उरकली की आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. तीन महिने विहारात ग्रंथवाचन चालते आणि आपल्या माता-भगिनी मोठ्या संख्येने येतात. त्यातली एक संध्याकाळ प्रत्येक महिला मंडळाने सातबारा वाचण्यासाठी ठेवावी. प्रत्येकीने घरचा उतारा आणावा आणि शिकलेल्या मुला-मुलींनी तो मोठ्याने वाचून दाखवावा. कुणाचे नाव आहे, कुणाचे गळले, वारसाची नोंद झाली की नाही, बोजा किती, हे पाहावे. ज्यांची वारसनोंद राहिली त्यांनी तलाठ्याकडे अर्ज द्यावा. ज्या भगिनींकडे कुणी हक्कसोडीचा कागद घेऊन येईल त्यांनी तो वाचल्याशिवाय आणि स्वतःच्या मनाला विचारल्याशिवाय सही करू नये. आणि ज्या बांधवांच्या नावावर जमीन आहे त्यांनी पत्नीच्या नावासाठी स्वतः पुढे व्हावे. ज्यांना जमीनच नाही अशांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाची योजना २००४ पासून आहे. तिचीही माहिती समाजकल्याण कार्यालयातून काढावी.

हे लिहीत असताना माहेरहून निरोप आला आहे, की नाल्याकडच्या दोन एकरांत सोयाबीनने माना वर काढल्या. तासे सरळ दिसताहेत, नांगे थोडेच आहेत. वहिनी ते भरायला गेली आहे.

जय भीम!